शनिवार तिथी बघून निवडावा

डोंगरातले क्लब किनाऱ्यावरची दोन दिवसांची चाल आखायला बसतात, तेव्हा पहिली चूक तारखेतच होते. जोडून सुट्टी कधी आहे, गाडी कधी मिळेल, किती जण येतील हे बघून शनिवार पक्का होतो. पाणी कधी चढणार, हे शुक्रवारी रात्री गाडीत बसल्यावर कोणीतरी मोबाइलवर बघतं. गडावर हे खपून जातं, कारण गडाची वाट सकाळी असते तीच संध्याकाळी असते. केळशीहून मुरूडकडे किंवा गुहागरहून हेदवीकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या वाटेचे काही तुकडे दिवसातून दोनदा पाण्याखाली जातात आणि दोनदा वर येतात. ते उघडे असतील तेव्हाच आपण तिथे पोचायला हवं. त्यामुळे कॅलेंडरवर आधी तिथी बघावी आणि सुट्टी नंतर.

कोळी, खारवी, गाबीत या मासेमार मंडळींचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. हीच वेळ दुपारी आणि पहाटे अशी थोड्या फरकाने दोनदा येते, आणि दोन्हींच्या मधोमध, भरतीपासून सहा-सव्वासहा तासांवर, ओहोटी. रोज भरती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. हा हिशेब मुंबईच्या पाण्याचा आहे. दक्षिणेकडे जावं तशी भरती आधी येते. रत्नागिरीच्या खाली मुंबईच्या वेळेतून पाऊण ते एक तास वजा करावा, दापोली-गुहागरकडे अर्धा-पाऊण. खाडीच्या आत मात्र उलटं होतं. मुखाशी पाणी वळलं तरी आत ते उशिरा वळतं.

पाऊणपटीचा हिशेब आखणीसाठी आहे. निघायच्या आदल्या आठवड्यात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून जवळच्या बंदराची वेळ काढावी आणि वेळेबरोबर उंचीही लिहून घ्यावी. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. एक ०.४ मीटरवर जाते, दुसरी १.१ मीटरवरच थांबते, आणि समुद्रात घुसलेल्या एखाद्या टोकाच्या पायाशी खडप, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ पट्टा असतो, त्यावरून कोरड्या पायाने जायचं की कमरेएवढ्या पाण्यातून, हे त्या सत्तर सेंटिमीटरांवर ठरतं.

आता तिथी कुठली? द्वितीया ते पंचमी, आणि जमलं तर कृष्ण पक्षातली. उधाणाचा, म्हणजे सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर नेमक्या पौर्णिमेला किंवा अमावस्येला नसतो, तो त्यानंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. त्यामुळे द्वितीया-तृतीयेला पाणी अजून खूप खाली जातं, आणि ओहोटीची वेळ सरकून सकाळी साडेसहा ते पावणेनऊच्या मध्ये येते. पाणी उतरत असताना, ऊन चढायच्या आधी, ओल्या घट्ट वाळूवरून चालायला मिळतं. कृष्ण पक्षात पहाटे चंद्र वर असतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातनंतर उगवला तरी साडेपाचला निघता येतं. शुक्ल पक्षातल्या त्याच तिथींना पाण्याची वेळ तीच, फक्त पहाट काळोखी.

अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, आणि जे उतरतं ते अकरा-बाराला. म्हणजे टोक उघडायची वाट बघत सकाळचा गारवा बसून घालवायचा आणि मग भर दुपारी चालायचं. भांगाला बरीच खडपं पूर्ण उघडी पडतच नाहीत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे चालत जायची वाटही उधाणाच्या ओहोटीला नीट कोरडी होते. भांगाला तिथे पाणी राहतं.

पौर्णिमेचाही एक मोह असतो. चांदण्यात पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, चालायचं म्हणून बरेच गट पौर्णिमेचा शनिवार धरतात. त्या दिवशी ओहोटी साधारण चार ते पाचला असते, पहाटे आणि संध्याकाळी. जेवून रात्री आठला चालायला निघालं की पाणी चढणीला लागलेलं असतं आणि दहा-अकराला ते पुळणीच्या माथ्याशी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असतं. चांदणं भरपूर असतं, पण चालायला जागा नसते. हौस असेल तर एकाच लांब पुळणीवर जावं आणि त्याच वाटेने परत यावं, रात्री टोक ओलांडू नये.

टोक

कोकणचा किनारा चालणाऱ्याच्या नजरेने बघितला तर तो एकाच क्रमाने पुन्हा पुन्हा येतो: पुळण, मग समुद्रात घुसलेला डोंगर, त्याच्या पायाशी खडप, पलीकडे पुन्हा पुळण आणि अधूनमधून खाडी. पुळणीवर फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते टोकाला वळसा घालताना, कारण तिथे एका बाजूला कडा असतो, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मधली जागा दर तासाला कमी होत जाते.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्याचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटी एक. समजा त्या दिवशी ओहोटी-भरतीत २.४ मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम २० सेंटिमीटर वाढतं. माणसं फोटो काढत रेंगाळतात, पाणी तिथेच आहे असं वाटतं. तिसऱ्या तासात तेच पाणी ६० सेंटिमीटर चढतं, त्याच्यावर लाटेची उंची वेगळी. घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेला माणूस परत येताना छातीएवढ्या पाण्यात सापडतो तो याच तासात. म्हणून टोकाला वळसा घालायची खिडकी ओहोटीच्या आधी दोन तास ते ओहोटीनंतर एक तास अशी धरावी, आणि ती गटातल्या शेवटच्या माणसासाठी मोजावी. पुढचा माणूस वेळेत पोचला म्हणजे गट वेळेत पोचला असं होत नाही. अठरा जणांचा गट खडपावर सहज वीस मिनिटं लांबतो.

प्रत्येक टोकाला दोन वाटा असतात: खालची खडपावरून आणि वरची सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावरून. वरची वाट माहीत असल्याशिवाय खालच्या वाटेला लागू नये, एवढं एक जरी पाळलं तरी निम्मे अपघात टळतील असं मला वाटतं. वरची वाट नकाशावर दिसत नाही. ती गावातल्या गुराख्याला, आंब्याच्या बागेतल्या राखणदाराला, कालवं काढायला जाणाऱ्या बायांना माहीत असते. ‘ताई, ह्या टोकावरून पलीकडं जाता येतं का?’ असं विचारलं तर ‘जाता येतं’ असंच उत्तर येतं, कारण त्यांना येतं. प्रश्न असा विचारावा: ‘आत्ता, ह्या पाण्याला, ओझं घेऊन बारा-पंधरा माणसं जातील का?’ मग खरं उत्तर मिळतं.

खडप वाचायला शिकावं. वर कोरडा, राखाडी, खरखरीत दगड असतो. त्याच्या खाली चिकटलेल्या बारीक शंखांचा पांढरट पट्टा, त्याच्या खाली कालवांची धारदार कवचं आणि सर्वांत खाली हिरवं-काळं शेवाळ. पांढऱ्या पट्ट्यावर पाय धरतो. कालवांवर पायही धरतो आणि हातही कापतो. शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही, कितीही महाग असो. शेवाळ टाळून जाता येत नसेल तर पाणी अजून पुरतं उतरलेलं नाही, थांबावं किंवा वरून जावं. खडपावर उतरायच्या आधी पंधरा मिनिटं घड्याळ लावून लाटा बघाव्यात. मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, तीन-चारच्या टोळीने येतात आणि मधे बराच वेळ समुद्र शांत दिसतो. दोन मिनिटं बघून उतरणाऱ्याला हा शांत वेळच दिसतो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, जिथे पायऱ्या उतरून खडकाच्या पट्ट्यावरून देवळाला वळसा पडतो, तिथे माणसं ओढली गेली आहेत ती याच गैरसमजाने. हेदवीच्या बामणघळीत तर भरतीचं पाणी खडकातल्या अरुंद चिरेत घुसून उंच उसळतं. ती उसळी बघायची ती लांबून, चिरेच्या काठावर उभं राहून नाही.

तळकोकणात पाण्याचा चढ-उतार कमी असतो. मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते. मालवण-वेंगुर्ल्याकडे ती त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. म्हणून तिकडे बेफिकिरी येते. पण तिथल्या पुष्कळ पुळणी उभ्या उताराच्या आणि अरुंद आहेत, लाट थेट पायाशी फुटते आणि मागे जाताना जोरात ओढते. तिथे तक्त्यातल्या उंचीपेक्षा लाटांचा अंदाज जास्त बघावा. समुद्राचे अंदाज देणारी हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते. लांबच्या समुद्रातून आलेल्या लाटा आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असतानाही उसळतात.

किलोमीटर आणि तास

किनाऱ्यावर अंतर सांगून काही कळत नाही. ओल्या घट्ट वाळूवर पाठीवर आठ किलो घेऊन तासाला चार किलोमीटर होतात. भरतीच्या रेषेच्या वर मऊ वाळूत तेच अडीचवर येतं आणि पोटऱ्या भरून येतात. खडपावर दीड किलोमीटर म्हणजे चांगली चाल. घाटी चढून सड्यावर जायला दर शंभर मीटर उंचीला पंधरा-वीस मिनिटं जास्तीची धरावीत. या हिशेबाने एका दिवसात चौदा-पंधरा किलोमीटर पुरेत. सह्याद्रीत रोज वीस-बावीस चालणारे इथे बाराला थकतात, कारण हवा दमट असते, घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही की अंग गार होत नाही. थर्मामीटर ३२ दाखवत असला तरी शरीराला ते चाळिशीसारखं जड जातं.

पहिल्यांदा आखणाऱ्यांसाठी दापोली तालुक्यातला केळशी ते मुरूड-कर्दे हा पट्टा चांगला. कारण प्रत्येक टप्प्यावर वरती रस्ता आणि गाव आहे, वाट सोडून द्यावी लागली तर सोडता येते. मुक्कामाच्या एसटीने किंवा खेड स्टेशनहून गाडीने शुक्रवारी रात्रीच केळशी गाठावी. पहाटे महालक्ष्मीच्या देवळाकडून पुळणीवर उतरायचं. केळशी आणि आडे यांच्यामध्ये उटंबरचा डोंगर आडवा येतो. तिथे वेळ कितीही सोयीची असली तरी वरूनच जावं. आड्याला भार्गवरामाचं देऊळ, मग पाडले, मग आंजर्ल्याची पुळण. दुपारच्या भरतीला आपण आंजर्ल्यात जेवत असायला हवं आणि ऊन उतरल्यावर कड्यावरच्या गणपतीला चढून जावं. रविवारी आंजर्ल्याची खाडी पुलावरून ओलांडून हर्णै, तिथून सालदुऱ्याकडून मुरूड आणि कर्दे. सुवर्णदुर्ग समोर दिसत राहतो. तो पाण्यात आहे, तिथे जायचं तर हर्णैच्या बंदरातून होडीने आणि वेगळा अर्धा दिवस काढून. चालीच्या वेळापत्रकात तो कोंबू नये. हर्णैचा माशांचा लिलाव दुपार कलल्यावर रंगतो, म्हणून ज्यांना तो बघायचा असेल त्यांनी चाल उलट्या दिशेने, कर्द्याहून केळशीकडे आखावी.

खाडी

मोठ्या खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत: आगरदांडा-दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडले-वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे, शास्त्रीवर तवसाळ-जयगड. पायी माणसाला तिकीट अगदी थोडं, अडचण वेळेची. फेरी गाडी भरायची वाट बघते, शिवाय खोल ओहोटीला धक्क्याशी पाणी कमी पडलं तर ती थांबते. म्हणजे आपल्याला चालायला उत्तम असलेली वेळ फेरीला नेमकी गैरसोयीची असू शकते. टोक ओलांडल्यावर फेरीसाठी दीड तास मोकळा ठेवावा.

लहान खाड्यांवर कुठे ‘तर’, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालू असते, कुठे पूल झाल्यावर बंद पडलेली असते. आदल्या दिवशी गावात फोन करून विचारावं. होडीत सगळ्यांना लाइफ जॅकेट पुरत नसतील तर दोन फेऱ्या कराव्यात. होडीत बसताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा उघडा ठेवावा, बूट सैल करावेत.

खाडी चालत ओलांडायचा विचार गुडघ्याच्या वर पाणी असेल तर सोडून द्यावा. ओहोटीच्या जोरात खाडीचं पाणी आणि नदीचं पाणी मिळून समुद्राकडे ओढतात. पाय सुटला तर माणूस बाहेर जातो. ओलांडायचीच असेल तर पाणी पूर्ण थांबतं त्या दहा-पंधरा मिनिटांत, चपला पायात ठेवून, तिघातिघांनी एकमेकांचे खांदे धरून. चालणाऱ्याच्या कमरेला दोर बांधू नये. वाहत्या पाण्यात पडलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली दाबतो. दोर फेकण्यासाठी जवळ ठेवावा. मच्छीमार वापरतात तो तरंगणारा नायलॉनसारखा दिसणारा हलका दोर, ८ ते १० मिलिमीटर जाड, २५-३० मीटर पुरे. बंदराच्या दुकानात तो किलोवर मिळतो.

कांदळवनाच्या कडेच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीत, शिरू नये. वरून वाळू दिसते, खाली मांडीएवढा चिखल असतो. पाय रुतला की दुसरा पाय जोरात टाकून सोडवायचा प्रयत्न होतो आणि दोन्ही अडकतात. सॅक काढून पुढे टाकावी, तिच्यावर पोटाने आडवं व्हावं, पाय हळूहळू गोल हलवत सोडवावा आणि आलो त्याच वाटेने सरपटत मागे यावं.

सडा

वरची वाट सुरक्षित म्हणजे सोपी नाही. सड्यावर जांभ्याचा उघडा कातळ असतो, झाड नसतं, पाणी पावसाळ्याशिवाय नसतं. दहानंतर कातळ खालूनही तापवतो. माणशी चार लिटर पाणी घेऊनच चढावं, त्यातलं एक लिटर मीठ-साखरेचं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चवीला आमसुलाचं आगळ. चमचा म्हणजे चहाचा. मीठ जास्त पडलं तर ते पाणी उलट अपाय करतं, अंदाजाने टाकू नये. लघवी गडद पिवळी झाली, डोकं ठणकायला लागलं, बोलणं चिडचिडं झालं की त्या माणसाला सावलीत बसवून अंग ओलं करावं आणि वारा घालावा. तो भलतंच बोलायला लागला किंवा अंग तापून गुंगायला लागला तर तो उष्माघात; तिथून चाल संपली, अंगावर पाणी ओतत ओतत दवाखाना गाठायचा.

कातळशिल्पं बघायला बरेच क्लब आता सड्यावरून वाट काढतात. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशी ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. खोदकाम उथळ आहे, बुटांनी झिजतं. कडेने बघावं, खडूने किंवा पाणी ओतून रेषा उठवू नयेत. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर तिरप्या उन्हात रेषा आपोआप उठून दिसतात. देवाचे गोठणे इथे होकायंत्राची सुई भरकटते. सड्यावर होकायंत्रावर चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून दिशा मोबाइलच्या उपग्रह नकाशाशी ताडून बघावी.

सड्यावरचा खरा धोका फुरशाचा. हातभरही नसलेला, तपकिरी, डोक्यावर बाणासारखी खूण, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढणारा हा साप सैल जांभ्याखाली आणि गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाच्या, फटीत राहतो. म्हणून गडग्यावर बसायचं नाही, चूल मांडायला दगड हाताने उचलायचा नाही, आधी काठीने उलथायचा. रात्री शौचाला जातानाही बॅटरी आणि पूर्ण बूट. दंश झाला तर चिरा देऊ नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. हात असेल तर अंगठ्या-बांगड्या लगेच काढाव्यात, तो अवयव फळीला बांधून स्थिर करावा, वेळ लिहावी आणि माणसाला चालवू नये, उचलून न्यावं. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून न्यायची गरज नाही. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही आणि त्रास काही तासांनी उघड होतो. ‘काही होत नाहीये’ म्हणून घरी जाऊ न देता चोवीस तास दवाखान्यात ठेवावं. लाल विंचवाबाबतही तसंच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध रुळलं. दंशानंतर भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात तेच मागावं.

जानेवारी ते मेमध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडच्या जंगलात उतरणार असाल तर माकडतापाचा विचार करावा. २०१६ पासून तो तिथे आहे आणि गोचिडांमधून येतो. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट, आणि संध्याकाळी अंग तपासणं.

पाण्यातल्या जिवांसाठी दोनच गोष्टी. उथळ पाण्यातून जाताना पाय उचलून टाकू नये, वाळूतून घासत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधीच सरकतं. त्याचा काटा लागला तर हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, पाय तास-दीड तास बुडवून ठेवावा; वेदना त्यानेच उतरते. काटा आत राहिला असेल तर डॉक्टरच काढतील. जेलीफिशचे तंतू समुद्राच्या पाण्याने धुऊन चिमट्याने काढावेत, वाळूने चोळू नये, गोडं पाणी ओतू नये.

पाय, सामान, मुक्काम

उंच मापाचे बूट इथे ओझं होतात. एकदा खारं पाणी शिरलं की दोन दिवस सुकत नाहीत आणि आतली वाळू सोलपटं काढते. पुढून बंद, मागे पट्टा असलेली सँडल खडपाला आणि पुळणीला, आणि सड्यासाठी हलके बूट, असे दोन जोड बरे. पुळण समुद्राकडे कललेली असते, तासन्‌तास त्याच बाजूने चाललं की एक गुडघा आणि घोटा दुखतो. जिथे पाणी नुकतंच मागे गेलंय तो सर्वांत सपाट पट्टा धरावा. मांड्या घासून सोलल्या जातात, सकाळीच खोबरेल लावावं. पायाला कुठेही गरम वाटलं की फोड यायच्या आधी तिथे पट्टी लावावी.

मोबाइल, औषधं, कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून दुमडून बांधलेल्या. स्टीलच्या डब्यांपेक्षा कापडी पिशवीतला लाडू-चुरमुरा बरा.

मुक्काम घरगुती खानावळीत करावा. माणसांचा आकडा दोन दिवस आधी सांगावा आणि किती जण शाकाहारी हेही, कारण मासे त्या हिशेबाने बंदरावरून आणले जातात. सकाळी पाचला चहा मिळणार नाही, पण रात्री सांगून ठेवलं तर उकड्या तांदळाची पेज किंवा घावणे मिळतात आणि चालायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. तंबू टाकायचाच असेल तर शेवाळ, काटक्या, शंख यांची ओळ दिसते त्या भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर. माडाखाली कधीच नाही, झावळी आणि नारळ दोन्ही पडतात.

नोव्हेंबर ते मे या काळात वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर अशा पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी निघतात. रात्री पुळणीवर शेकोटी, पांढरा उजेड, आवाज नको. मादी उजेड बघून न घालताच परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे जातात. लाल उजेडाची बॅटरी, तीही गरजेपुरती.

आंब्याच्या हंगामात बागांमधून वाट काढू नये. राखणदाराशी वाद तर होतोच, पण काही ठिकाणी रानडुकरांसाठी तारेत वीज सोडलेली असते. गडगा ओलांडायची वेळ आली तर आधी हाक मारावी.

माणसं

पंधरा-अठरा जणांच्या वर गट नेऊ नये आणि दर सहा माणसांमागे एक जाणता हवा. पुढे लीडर, मागे पिछाडीला दुसरा अनुभवी. त्याच्या मागे कोणीच नाही. मोजणी चार वेळा: टोकाला लागण्याआधी, पार झाल्यावर, होडीत बसण्याआधी, उतरल्यावर. लीडरच्या खिशात एक कागद असावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला: दोन्ही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची, प्रत्येक टोकाची ‘या वेळेनंतर वरून’ अशी एक वेळ, जवळचं ग्रामीण रुग्णालय आणि क्रमांक: ११२, रुग्णवाहिकेला १०८, सागरी पोलिसांना १०९३, तटरक्षक दलाला १५५४. ‘या वेळेनंतर वरून’ ही वेळ शुक्रवारी शांत डोक्याने ठरवायची आणि शनिवारी बदलायची नाही. जागेवर उभं राहिलं की पलीकडची पुळण नेहमीच जवळ दिसते.

पोहण्याचा आग्रह गटात कोणीतरी धरतंच. खाडीच्या मुखाशी, टोकाच्या कडेला आणि गणपतीपुळ्यासारख्या ओढीच्या पाण्यात स्पष्ट नाही म्हणावं. लाटांच्या मधे जिथे पाणी शांत, गढूळ, फेस बाहेर जाताना दिसतो ती ओढ असते, नेमकी तीच जागा पोहायला बरी वाटते. कोणी ओढला गेलाच तर त्याच्यामागे उडी टाकायची नाही. तरंगतं काही, रिकामी पाच लिटरची कॅनसुद्धा, दोराला बांधून फेकायची, आणि त्याला ओरडून सांगायचं की किनाऱ्याकडे नको, आडवा पोह.

मेअखेर ते ऑगस्टअखेर किनाऱ्याची चाल बंद. लहान होड्या आणि लाँचची वाहतूक त्या काळात थांबते, पावसाळ्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे काही झालं तर पाण्यातून मदतीला येणारी होडी सहसा नसते. त्या महिन्यांत सड्यावर जावं. ऑगस्ट-सप्टेंबरात कातळावरच्या डबक्यांभोवती फुलं येतात.

परत आल्यावर त्याच रात्री सॅकच्या चेनी, बॅटरीचे कप्पे, सँडलचे पट्टे आणि दोर गोड्या पाण्याने धुवावेत. सोमवारपर्यंत ठेवले तर चेनीवर हिरवट थर धरतो आणि पुढच्या महिन्यात ती पहाटे साडेपाचला पुळणीवरच अडकते.